फ्लायबॅक आणि ब्यूरेट एकाच टेबलावर: केमिस्ट्री शिकताना हाय व्होल्टेजचा छंद कसा सांभाळायचा? (सोलापूर)

अणुरेणू

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. केमिस्ट्री, दुसरं वर्ष. सेमिस्टर परीक्षेला दहा आठवडे आहेत.

जमवलेलं सामान: जुन्या पिक्चर ट्यूब टीव्हीचा फ्लायबॅक (हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर, आत डायोड असलेला), १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (मेन्सवरून डीसी देणारा सप्लाय), २४ व्होल्टचा दुसरा, आयआरएफझेड ४४ मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) चार, फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर, काचेची लोणच्याची मोठी बरणी. कमी दाबावर हवेचा ग्लो मिळवायचा आणि मग हेलियम, हायड्रोजन यांच्या प्रकाशातल्या रंगरेषा (स्पेक्ट्रम) बघायच्या.

अडचणी: झेडव्हीएस सर्किट (फ्लायबॅक चालवणारं, दोन मॉसफेटचं) १२ व्होल्टवर कधी चालतं, कधी सुरू होतानाच फ्यूज जातो. २४ वर मॉसफेट लगेच उडतात. कॉम्प्रेसर लावला तर ग्लो नाहीच, नुसता जांभळा दोरा. आणि मुख्य प्रश्न म्हणजे आठवड्याचे किती तास यात घालावेत? घरचे म्हणतात सगळं माळ्यावर टाक.

सात_रस्ता

घरचे बरोबर म्हणतात. दहा आठवडे माळ्यावर, नंतर काढ. फ्लायबॅक काय नासणार आहे का बे?

कडक_भाकरी

माळ्यावर टाकलं तरी डोक्यातून जात नाही, सात_रस्ता. निदान सर्किटचा प्रश्न आज मिटवू.

२४ वर मॉसफेट का उडतात: झेडव्हीएसमध्ये ड्रेनवरचं (मॉसफेटच्या तीन टोकांपैकी एक, बाकी गेट आणि सोर्स) शिखर व्होल्टेज हे सप्लायच्या π पट, म्हणजे ३.१४ पट असतं. १२ व्होल्टला ३८, २४ व्होल्टला ७५. आयआरएफझेड ४४ ची मर्यादा ५५-६० व्होल्ट. म्हणजे तो मरायलाच बसलाय. आयआरएफपी २५० घे, २०० व्होल्टचा आहे.

सुरू होताना फ्यूज का जातो: एसएमपीएसचं मेन्सकडचं बटण दाबलं की त्याचं आउटपुट हळूहळू चढतं. दोन्ही गेट एकदमच अर्धवट उघडतात, ऑसिलेशन सुरूच होत नाही, दोन्ही मॉसफेट मिळून सरळ शॉर्ट. एसएमपीएस आधी चालू करायचा, आणि डीसी बाजूला, एसएमपीएस आणि सर्किट यांच्या मधे, जाड स्विच टाकायचा. सर्किटला पूर्ण १२ व्होल्ट एका झटक्यात मिळाले पाहिजेत. तारा बारीक असतील तर लोडवर व्होल्टेज १० च्या खाली बसतं आणि पुन्हा तोच प्रकार, म्हणून २.५ चौरस मिलिमीटरची तार वापर.

बाकी भाग: गेटला ४७० ओहम, २ वॅटचे (२४ व्होल्टवर यात सरासरी पाऊण वॅट जळतं, पाव वॅटचा रेझिस्टर काळा पडणार), गेट-सोर्समधे १२ व्होल्टचा झेनर आणि १० किलोओहम, समोरच्या ड्रेनकडे जाणारा डायोड यूएफ ४००७. इथे साधा १ एन ४००७ टाकू नकोस. तो बंद व्हायला फार वेळ लावतो. मधला इंडक्टर १०० मायक्रोहेन्रीच्या आसपास. प्रायमरी ५ अधिक ५ वेढे, दोन्ही एकाच दिशेने, फेराइटच्या मोकळ्या पायावर. टँक कपॅसिटर ०.६८ मायक्रोफॅरड, पॉलिप्रॉपिलीनच. बंद पडलेल्या इंडक्शन शेगडीत ०.३ मायक्रोफॅरड १२०० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन असतो, असे दोन समांतर जोड. पॉलिएस्टरचा हिरवा टाकला तर पाच मिनिटांत तापून फुगतो.

पण खरं सांगू? तुला ग्लो आणि स्पेक्ट्रम हवा असेल तर फ्लायबॅक लागतच नाही. जुन्या एलसीडी मॉनिटरचा सीसीएफएल इन्व्हर्टर (पडद्यामागची बारीक ट्यूब पेटवणारा बोर्ड) काढ. १२ व्होल्टवर चालतो, पेटवताना १५०० व्होल्टच्या आसपास देतो आणि करंट ५-६ मिलिअँपिअरला अडवलेला असतो. मॉनिटरचा बोर्ड असेल तर इनेबल पिनला ५ व्होल्ट द्यावे लागतात, आणि ट्यूब पेटली नाही तर सेकंदाभरात तो स्वतःच बंद होतो. याला बोर्ड खराब समजून लोक फेकून देतात. एका ट्यूबचा साधा सुटा इन्व्हर्टर मिळाला तर ही कटकट नाही. नवी पेठेत रिपेअरिंगवाल्यांकडे विचार, नाहीतर हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन पासोड्या विठोबाजवळ एका फेरीत सगळं आण. चार वेळा चार पार्टसाठी हिंडण्यात जे तास जातात, तेच तुझे अभ्यासाचे.

पंपवाले_काका

बाळा, आधी ती बरणी स्वयंपाकघरात परत ठेव.

१० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर आतली हवा काढली की आपल्याकडे सुमारे ७७ किलोचा भार येतो. बरणीची काच ओतीव, जाडी असमान, आणि असला भार घ्यायला केलेली नसते. फुटली तर तुकडे आधी आत आणि मग बाहेर येतात. कॉनिकल फ्लास्कही नको, त्याचा तळ सपाट. गोल बुडाचा फ्लास्क, फिल्टरेशनचा जाड बुखनर फ्लास्क किंवा बोरोसिलिकेटची जाड नळी यावर हवा काढता येते. तीही आधी उजेडात धरून ओरखडे बघायचे, वर चिकटपट्टीचे वेढे द्यायचे आणि समोर अ‍ॅक्रिलिकचा पत्रा उभा करायचा.

आता कॉम्प्रेसर. तो उलटा जोडला की २०-३० मिलिबारपर्यंत जातो, पुढे नाही. जांभळा दोरा त्याचमुळे. पाशेनच्या नियमाने (१८८९; ठिणगीचं व्होल्टेज दाब गुणिले अंतर यावर ठरतं) हिशोब कर: हवेत इलेक्ट्रोडमधलं अंतर १० सेंटिमीटर आणि दाब २० टॉर (१ टॉर म्हणजे १ मिलिमीटर पारा) असेल तर ठिणगीला साधारण ११ किलोव्होल्ट लागतात. तोच दाब १ टॉरवर आणला की साधारण १ किलोव्होल्ट पुरतो. नळी ३० सेंटिमीटरची केलीस तर १ टॉरलाही २४०० व्होल्ट लागतील, म्हणजे भाकरीने सांगितलेला इन्व्हर्टर पेटवणार नाही. म्हणून: अंतर १० सेंटिमीटर, दाब १ टॉर किंवा थोडा खाली.

त्यासाठी एसीवाले वापरतात तो दोन टप्प्यांचा रोटरी पंप लागतो. विकत घेऊ नकोस. हंगाम नसताना एसी मेकॅनिककडे दिवसाच्या भाड्याने मिळतो. मार्च ते जून विचारूही नकोस. लेबलवर १५ मायक्रॉन लिहिलेलं असतं, जुन्या तेलावर १०० मायक्रॉन मिळाले तरी तुझं काम झालं, ते ०.१ टॉर आहे.

गेजबद्दल एक गोष्ट. काट्याचं गेज बाहेरच्या हवेशी तुलना करून दाखवतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, इथे हवेचा दाब साधारण ७२० मिलिमीटर पारा. त्यामुळे पूर्ण हवा काढली तरी काटा २८.३ इंचांच्या आसपास थांबणार. "३० पर्यंत जात नाही म्हणजे गळती आहे" असं समजून जोड उचकटत बसू नकोस. आणि १ टॉर की ५ टॉर हे त्या काट्यावर कळतच नाही. डिजिटल मायक्रॉन गेज भाड्यात मागून घे.

अणुरेणू

काका, धन्यवाद. गळती आहे की नाही मग ओळखायचं कसं?

पंपवाले_काका

झडप बंद करून पंप वेगळा कर आणि दर मिनिटाला दाब लिही. दाब सरळ रेषेत चढत राहिला तर गळती. आधी चढून मग बसायला लागला तर ते आतलं पाणी, ग्रीस, अ‍ॅराल्डाइट यातून सुटणारी वाफ. अर्धा लिटर आकारमानात १० मिनिटांत १ मिलिबार चढला तर गळती सेकंदाला ०.०००८ मिलिबार-लिटर. तुझ्या कामाला ही चालते, पंप सुरू ठेवून काम कर. शोधायची असेल तर एकेका जोडावर व्हॅक्यूम ग्रीस लावून पुन्हा मोज. नेटवर स्पिरिट शिंपडून ग्लोचा रंग बघायची युक्ती सापडेल. उघड्या हाय व्होल्टेजशेजारी स्पिरिट शिंपडायचं नाही, एवढंच सांगतो.

इंडिकेटर_ताई

आता वेळेचं बोलू, कारण मूळ प्रश्न तोच होता आणि सगळे मॉसफेटवर घसरले.

या छंदात वेळ ठिणगीत जात नाही. तो जातो पार्ट शोधण्यात, गळती शोधण्यात आणि "आज चालतंय का बघू" यात. म्हणून कामाचे दोन भाग कर. एक बंद काम: सोल्डरिंग, नळी कापणं, पाशेनचा हिशोब, वहीत आकृती. हे वीस-तीस मिनिटांच्या तुकड्यांत होतं, अभ्यासाच्या मधल्या विश्रांतीत बसतं, प्लग भिंतीत नसतो. दुसरं चालू काम, म्हणजे व्होल्टेज लावून. ते आठवड्यातून एकदाच, दोन तास, दिवसा, घरात दुसरं माणूस जागं आणि मेन स्विच कुठे आहे ते ठाऊक असताना. रात्री अकराला ऑरगॅनिकच्या मेकॅनिझम संपवून "जरा पाच मिनिटं" हे अजिबात नाही. थकलेल्या माणसाचा दुसरा हात कुठे टेकतो ते त्यालाच कळत नाही.

आणि चालू कामाला बसण्याआधी वहीत एक ओळ लिही: आज कोणता आकडा मोजायचा. आकडा नसेल तर त्या शनिवारी व्होल्टेज नाही. ही एक अट पाळलीस तर छंद आणि अभ्यास फारसे वेगळे राहणार नाहीत. बघ, तुझ्या टेबलावर काय काय आहे: हायड्रोजनच्या रेषा म्हणजे रिडबर्गचं सूत्र, नळीतला दाब म्हणजे मीन फ्री पाथ (रेणूचं दोन टकरींमधलं सरासरी अंतर; १ मिलिबारला हवेत साधारण ७० मायक्रोमीटर, वातावरणाच्या दाबाला ७० नॅनोमीटर, ग्लो कमी दाबालाच का पसरतो ते इथेच आहे), निऑन-अर्गॉन मिश्रण म्हणजे आयनीकरण ऊर्जा. निऑनची अर्धस्थिर पातळी १६.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, अर्गॉनची आयनीकरण ऊर्जा १५.७६, म्हणून चिमूटभर अर्गॉन घातलं की निऑनचा दिवा कमी व्होल्टेजला पेटतो. हे एकदा मोजलं की पाठ करावं लागत नाही.

ठिणग्यांची लांबी वाढवण्यात मात्र केमिस्ट्री काही नाही. ते परीक्षेनंतर.

सात_रस्ता

ताईंचं पटलं. माझं मत मागे घेतो, अर्धं.

ठिणगी_सम्राट

एवढं कशाला? मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर भंगारात सहज मिळतो. सरळ मेन्सवर लावायचा, मस्त जाड आर्क. लाकडावर झाडासारखी नक्षी पण निघते.

कडक_भाकरी

सम्राट, नको. तो साधारण २००० व्होल्ट देतो आणि मागे अर्ध्या अँपिअरहून जास्त करंट असतो. त्याला धरलं की दुसरी संधी नसते. लाकडावरच्या त्या नक्षीने जगभरात बरेच छंदी लोक मेलेत. इथे त्याची जोडणी कुणी विचारू नये, कुणी सांगू नये.

यावरून एक गैरसमज. "घरात ईएलसीबी आहे, काही होत नाही" असं बरेच जण म्हणतात. ईएलसीबी (विजेची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक बघतो, ३० मिलिअँपिअरला तुटतो. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर तुम्ही चिकटलात तर करंट सेकंडरीतूनच फिरून परत येतो, ईएलसीबीला ते दिसतच नाही. फ्लायबॅकला, इन्व्हर्टरला, सगळ्याला हेच लागू.

जुन्या वाड्यातलं घर असेल तर तिसऱ्या पिनला खरंच अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घे. मल्टिमीटरवर फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत, ही पहिली चाळणी.

डिस्चार्जची काठी बनव: ६० सेंटिमीटर पीव्हीसी पाइप, टोकाला तांब्याचा हूक, तिथून १० किलोओहमचा वायरवाउंड रेझिस्टर आणि मग हाय व्होल्टेजच्या ग्राउंडला. आधी रेझिस्टरमधून, मग सरळ, मग हूक तसाच अडकवून ठेवायचा. कपॅसिटर एकदा शॉर्ट करून सोडला तर डायलेक्ट्रिकमधला (आतल्या विद्युतरोधकातला) उरलेला चार्ज पुन्हा वर येतो. डावा हात पाठीमागे, अंगठी आणि घड्याळ काढून.

अणुरेणू

व्होल्टेज मोजायचं कशाने? माझा मीटर ६०० व्होल्टचा आहे. आणि नळीतून एक्स-रे येतात असं वाचलं.

कडक_भाकरी

दहा मेगाओहमचे शंभर रेझिस्टर एका ओळीत, एकूण १ गिगाओहम. अर्धा वॅटच्या रेझिस्टरवर साधारण ३५० व्होल्ट झेपतात, २० किलोव्होल्टला प्रत्येकावर २०० येतात. एकच मोठा रेझिस्टर चालणार नाही, त्याच्या अंगावरून ठिणगी उडी मारते. सगळी माळ पाइपमध्ये, मेणात बुडवून. खालच्या टोकाला २ मेगाओहमचे दोन समांतर. दोन अशासाठी की एक तुटला तर मीटरवर भलतं व्होल्टेज येऊ नये. मीटरचे स्वतःचे १० मेगाओहम धरून गुणक साधारण ११०० येतो. म्हणजे २० किलोव्होल्टला मीटर १८ व्होल्ट दाखवेल. हे फक्त डीसीला. इन्व्हर्टरच्या ४०-५० किलोहर्ट्झ एसीला रेझिस्टरांची भटकी कपॅसिटन्स सगळं खोटं दाखवते.

एक्स-रे: तुझा पंप ०.१ टॉरला थांबतो, व्होल्टेज १-२ किलोव्होल्ट. एवढ्या ऊर्जेचे फोटॉन काचेतून बाहेर पडत नाहीत. दाब ०.००१ टॉरच्या खाली आणि व्होल्टेज १५ किलोव्होल्टच्या वर, हे दोन्ही एकत्र आले की खरी काळजी. म्हणूनच चांगल्या पंपावर फ्लायबॅक जोडायचा नाही.

खिडकीची_सीट

हेलियमसाठी गड्ड्याच्या जत्रेत फुगेवाले असतात की. एक फुगा घ्यायचा, झालं.

शिवाय हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्गावर लागला, त्यामुळे महाराष्ट्रातल्या माणसाने हे करायलाच पाहिजे.

इंडिकेटर_ताई

फुगेवाल्याच्या सिलिंडरमध्ये हेलियमच आहे असं कधीच धरू नका. स्वस्त पडतो म्हणून अनेकदा तो हायड्रोजन असतो, कॉस्टिक सोडा आणि अ‍ॅल्युमिनियमपासून जागेवरच बनवलेला. तो घेऊन ठिणगीच्या टेबलाशी जाणं म्हणजे काय ते सांगायला नको.

सुरुवातीला अर्गॉन बरा. टिग वेल्डिंगवाल्यांकडे शुद्ध अर्गॉन असतो, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुठेही. फुग्यात भरून आणला तर त्याच तासात वापर. रबरातून हवा आत येते. नळी १ मिलिबारपर्यंत रिकामी करून अर्गॉन भर, असं तीनदा. दर वेळी उरलेली हवा साधारण हजारपट कमी होते. रेषा ६९६.५, ७६३.५ आणि ८११.५ नॅनोमीटर, शेवटच्या दोन डोळ्याला जवळजवळ दिसत नाहीत, मोबाइलच्या कॅमेऱ्याला काही प्रमाणात दिसतात.

विजयदुर्गाबद्दल: १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, हेलियमची ती पिवळी रेषा पाहिली; तो तेव्हा विजयदुर्गावर नव्हता. आपल्याला जवळचं हवंच असेल तर लेफ्टनंट हर्शेल त्या ग्रहणाला जमखंडीला होता, विजापूरच्या पलीकडे.

खिडकीची_सीट

मान्य. जमखंडी तर जमखंडी.

अणुरेणू

ताई, हायड्रोजनच्या रेषा हव्यात पण हायड्रोजन वायू घरात नको. काय करता येईल?

इंडिकेटर_ताई

पाण्याची वाफ. डिस्चार्जमध्ये पाणी तुटून हायड्रोजनच्या रेषा छान येतात. पण पाण्याचा थेंब टाकलास तर तो उकळत राहतो, दाब ३० मिलिबारला अडकतो आणि पंपाचं तेल दुधाळ होतं. त्याऐवजी नळीच्या बाजूच्या फाट्यात मोरचुदाचा हरभऱ्याएवढा खडा ठेव. आपल्याकडे डाळिंबवाल्याच्या शेडमध्ये बोर्डो मिश्रणासाठी असतोच. पाच रेणू पाणी असलेल्या मोरचुदाचा वाफदाब २५ अंशांना साधारण ८ मिलिमीटर पारा आहे. पंप सुरू असताना तो सावकाश पाणी सोडतो, पृष्ठभाग पांढुरका होतो, ग्लो जांभळ्यातून गुलाबी होतो. झडप थोडी दाबून दाब १ टॉरवर धर. हायड्रेटचा वाफदाब हा फिजिकल केमिस्ट्रीचाच धडा आहे, तो फुकटात झाला.

स्पेक्ट्रोस्कोप: रिकाम्या डीव्हीडीचा चांदीचा थर सोलून काढ. खाचांमधलं अंतर ७४० नॅनोमीटर. सीडीचं १६०० असतं, रेषा फार फाकत नाहीत. स्लिट दाढीच्या दोन पात्यांची, फट ०.२ मिलिमीटर. कॅलिब्रेशन सीएफएल दिव्यावर: पाऱ्याच्या ४३५.८ आणि ५४६.१. दिवा फोडू नकोस, आत काही मिलिग्रॅम पारा असतो.

मिळवायचा आकडा: तांबडी रेषा ६५६.३, निळसर हिरवी ४८६.१. त्यांचं गुणोत्तर १.३५ आलं पाहिजे, कारण (१/४ − १/१६) भागिले (१/४ − १/९).

रंगारी_गल्ली

टॉवेल-चादरीच्या गावात एक वेगळी बाजू. सुती कापडावर डायलेक्ट्रिक बॅरियर डिस्चार्ज (मधे काचेसारखा विद्युतरोधक ठेवून केलेला) फिरवला की पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट बसतात आणि पाणी पटकन शोषलं जातं. कोऱ्या, खळ न काढलेल्या कापडाचा तुकडा घ्यायचा आणि पाण्याचा थेंब मुरायला किती सेकंद लागतात ते आधी-नंतर मोजायचं. पण हवेत डिस्चार्ज म्हणजे ओझोन. बंद खोलीत करू नका.

इंडिकेटर_ताई

रंगारी, चांगलं सुचवलंत, आणि ओझोनचा हिशोब इथेच मांडते, कारण "जरा वास येतोय" म्हणून लोक सोडून देतात.

१२ बाय १० ची, १० फूट उंच खोली म्हणजे ३४ घनमीटर. आठ तासांची मर्यादा ०.१ पीपीएम, म्हणजे घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम. अख्ख्या खोलीला ७ मिलिग्रॅम पुरे. चांगला ओझोनायझर हवेवर विजेच्या एका युनिटला ५० ग्रॅमच्या आसपास ओझोन देतो. तुझा घरगुती पाचपट वाईट धरला तरी १० वॅटवर तासाला १०० मिलिग्रॅम. चार मिनिटांत खोली मर्यादेला पोचते. नाकाला मात्र थोड्या वेळाने वास यायचा बंद होतो.

म्हणून तो वायू पकडायचा आणि मोजायचा. आयोडोमेट्री (सुटलेल्या आयोडीनचं टायट्रेशन) तुला येतेच:

मत्स्यटाकीचा पंप, सिलिका जेलची नळी, मग डिस्चार्ज, मग वॉश बॉटलमध्ये २ टक्के पोटॅशियम आयोडाइड १०० मिली. पुढे तसलीच दुसरी बाटली, आणि शेवटची नळी खिडकीबाहेर. पंप डिस्चार्जच्या आधीच हवा. नंतर लावला तर ओझोन त्याचा रबरी पडदा खातो. रबरी नळ्याही चिरतात, सिलिकॉनची किंवा टेफ्लॉनची वापर. मिनिटाला १ लिटरने ५ मिनिटं हवा सोड. डिस्चार्ज बंद केल्यावर मिनिटभर नुसती हवा. मग २ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल ५ मिली आणि ०.००५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन. पिवळा रंग फिका पडला की मगच स्टार्च. १ मिली म्हणजे ०.१२ मिलिग्रॅम ओझोन. ८ मिली लागले तर ५ लिटरमध्ये ०.९६ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे १०० पीपीएम. मर्यादेच्या हजारपट. खिडकीबाहेर नळी का, ते आकड्यातच आलं.

थायोसल्फेट इतकं पातळ टिकत नाही, ०.१ नॉर्मल साठवायचं आणि त्याच दिवशी पातळ करायचं, उकळून गार केलेल्या पाण्यात.

अणुरेणू

आर्क वापरून हेच केलं तर जास्त ओझोन मिळेल ना? जास्त पॉवर आहे.

इंडिकेटर_ताई

उलट. आर्क तापतो, ओझोन त्या तापमानाला टिकत नाही आणि नायट्रिक ऑक्साइड त्याला खातं. आर्कमधून नायट्रोजनची ऑक्साइडं मिळतात. बर्कलंड आणि आइड यांनी नॉर्वेत १९०५ पासून याच रस्त्याने नायट्रिक आम्लाचा कारखाना चालवला, जलविद्युत स्वस्त म्हणून. नायट्रोजनचा तिहेरी बंध ९४५ किलोज्यूल प्रति मोल, ऑक्सिजनचा ४९८; वीज कुठे जाते ते दिसतंच.

ओळखायची खूण टायट्रेशनमध्येच आहे. अंत्यबिंदू आला, द्रावण रंगहीन झालं, आणि अर्ध्या मिनिटात निळं परत आलं, पुन्हा घातलं, पुन्हा आलं, तर त्यात नायट्राइट आहे. आम्लात ते आयोडाइडमधून आयोडीन काढत राहतं. मग तुझा "ओझोन"चा आकडा खोटा.

आणि तपकिरी धूर दिसला तर थांबायचं. नायट्रोजन डायऑक्साइडचा त्रास कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी होऊन दिसतो. तोवर माणूस "मला काही झालं नाही" म्हणत फिरत असतो. हा प्रयोग घरी नको. कॉलेजात सरांना विचारून फ्यूम कपाटात कर.

पंपवाले_काका

परीक्षेआधी महिनाभर सगळं बंद ठेवणार असशील तर पंपाचं तेल बदलून ठेव. मोरचुदाची वाफ ओढलेलं तेल तसंच राहिलं तर व्हेन (पंपाच्या आतली पाती) गंजतात, आणि भाड्याचा पंप असेल तर मेकॅनिक पुढच्या वेळी देणार नाही. तेल बदलताना पंप गरम असावा, सगळं गाळ घेऊन बाहेर येतं.

अणुरेणू

इन्व्हर्टर, १० सेंटिमीटरची नळी, भाड्याचा पंप, मोरचूद, सगळं ताई आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे जोडलं. डीव्हीडीवर प्रकाश लंब, ३० सेंटिमीटरच्या पट्टीवर कोन मोजले. पाऱ्याच्या रेषा: ४३५.८ ला ३६.१ अंश, ५४६.१ ला ४७.६ अंश. हायड्रोजन: निळसर हिरवी ४१.१ अंश, तांबडी ६२.५ अंश. पाऱ्याच्या दोन बिंदूंमधून सरळ रेषा काढली तर ४८४ आणि ६८९ येतात. गुणोत्तर १.४२. ही हायड्रोजनची रेषा नाही का? की गळतीतून दुसरं काही येतंय?

कडक_भाकरी

रेषा बरोबर आहे, सरळ रेषा चुकली. तरंगलांबी कोनाच्या नव्हे, कोनाच्या साइनच्या प्रमाणात असते. ४१ अंश पाऱ्याच्या दोन बिंदूंच्या मधे आहे म्हणून तिथे चूक दोन-अडीच नॅनोमीटर. ६२ अंश बाहेर आहे, तिथे चूक ३३ वर गेली. ७४० गुणिले साइन कर: ४१.१ ला ४८६.५, ६२.५ ला ६५६.४. भागाकार १.३४९.